मामांचं कडवं

आभारप्रदर्शन या प्रकाराचा मला फार जुना राग आहे. कार्यक्रम कितीही चांगला होवो, शेवटी कुणीतरी हातात चिठ्ठी घेऊन उभं राहतं आणि खुर्चीवर बसलेल्या सगळ्यांचे आभार मानतं. अध्यक्षांचे, उपाध्यक्षांचे, वेळात वेळ काढून आलेल्यांचे आणि वेळ न मिळाल्यामुळे न आलेल्यांचेसुद्धा. त्या खुर्च्या ज्यानं मांडल्या, त्याचं नाव चिठ्ठीत कधीच नसतं. मी बदनापूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. त्यामुळे असली आभारप्रदर्शनं मी ढिगानं ऐकली आणि, सांगायला लाज वाटते, काही केलीसुद्धा.

शाळा सांभाळून मी गात असे. जुन्या जालन्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक पेटीमास्तर राहत. ऐंशीच्या दशकात त्यांनी भक्तिगीतं, भावगीतं आणि लोकगीतांचा एक वाद्यवृंद उभा केला. पेटीवर ते स्वतः, एक तबलजी, एक ढोलकीवाला, एक बासरीवाला आणि गायला आम्ही दोघी बायका. आमच्याबरोबर नेहमीचा मांडववाला असे, टेम्पोचा ड्रायव्हर असे, दिवे लावणारा असे आणि माईकवाले मामा असत.

मामा म्हणजे नात्यानं कुणाचेच मामा नव्हेत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. भोकरदनकडचं मेंढरं राखणारं घर, लहानपणी स्वतः कळपामागं हिंडलेले. अंधारात कोणती मेंढी मागं राहिली हे नुसत्या घंटीवरून ओळखायचो, असं ते सांगत, आणि त्यांचा कान बघता मला ते कधी खोटं वाटलं नाही. पुढं जालन्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसला आणि मग आवाज वाढवायचं स्वतःचं मशीन, चार भोंगे आणि पाच माईक असा संसार त्यांनी जमवला.

माईक तपासायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. ‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग’ त्यांना बिलकुल चालायचं नाही.

“हॅलो म्हनताना मानूस खोटा आवाज काढतो बाई,” ते म्हणायचे. “सकाळी काय खाल्लं ते सांगा. खाल्लेलं सांगताना मानूस खरा बोलतो.”

मग मी माईकसमोर उभी राहून सांगायची, की ज्वारीची भाकरी होती, मेथीची भाजी होती, भाजीत मीठ जरा जास्त पडलं होतं. मामा मैदानाच्या पार टोकाला जाऊन ऐकायचे, परत येऊन बटणं फिरवायचे आणि पुन्हा टोकाला जायचे. तोवर आधी येऊन बसलेल्या बायांना माझ्या घरचा स्वयंपाक तोंडपाठ होई. एका गावात तर एकीनं घरून ठेचा आणून दिला, कारण आज ठेचा करायला वेळ नव्हता असं मी भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगितलं होतं.

माझं आणि मामांचं भांडण ठरलेलं असे. माझ्या नाकावर राग, आणि सूर हलला की दोष माईकचा, अशी माझी सवय. “नाचता येईना अंगण वाकडं,” मामा मशीनवरची धूळ पुसत म्हणायचे, “अन् गाता येईना तर माईक खराब.” वर आणखी, “त्या बांगड्या काढून ठेवा. माईकमधी वाजून राह्यल्या.” पन्नास पावलांवरून त्यांना माझ्या बांगड्या ऐकू येत. मी पुटपुटत काढून ठेवायची.

एकदा भोकरदनच्या बाजूला एका गावात संध्याकाळचा कार्यक्रम चालू असताना वावटळ उठली. मांडवाचा एक खांब हलायला लागला. मांडववाला आणि टेम्पोचा ड्रायव्हर तो खांब धरून उभे राहिले, ते थेट कार्यक्रम संपेपर्यंत. मामा भोंग्याची तार दाताखाली धरून दुसऱ्या खांबाला बांधत होते. आम्ही दोघी आपल्या गात होतो. शेवटी एक गृहस्थ उठले आणि मध्येच उठून घरी गेलेल्या पाहुण्यांचे त्यांनी भरभरून आभार मानले. खांब धरणारे दोघं तिथंच उभे होते, अजून खांब धरून. माझं डोकं असं फिरलं की परत येताना टेम्पोतच, जालना येईपर्यंत, एक गाणं तयार झालं.

गाणं साधंच होतं, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर. धृपद असं:

तुम्ही बघता आम्हाला, आम्ही बघतो त्यांना,
उजेडाच्या पलीकडं उभ्या माणसांना.

पुढं एकेकाचं एकेक कडवं. मांडववाल्याचं, टेम्पोवाल्याचं, दिवेवाल्याचं. आणि शेवटचं मामांचं:

पान हललं झाडाचं, ह्याच्या कानी आलं,
सूर ढळला केसभर, ह्याला आधी कळलं.

मास्तरांनी चाल ऐकली, पेटीवर एकदा वाजवली आणि म्हणाले, “आभारप्रदर्शनाच्या जागी हेच घेऊ.” बदनापूरच्या एका स्नेहसंमेलनात ते पहिल्यांदा म्हटलं. ज्याचं कडवं येईल त्याला वर बोलवायचं आणि टोपी-उपरणं द्यायचं असं ठरलं होतं. मांडववाला वर आला आणि ठाण्यात बोलावल्यासारखा हात बांधून उभा राहिला. टेम्पोवाला टेम्पोमागं लपला, त्याला ओढून आणावा लागला. मामा मात्र आलेच नाहीत. “मशीन सोडून येता येत न्हाई,” एवढंच त्यांनी हातानं खुणावलं. मशीन मांडवाच्या मागच्या टोकाला. मग मीच लोकांना म्हटलं, “मागं वळून बघा.” सगळा मांडव मागं वळला. मामा गडबडून उठले, हात जोडले आणि असे हसले की पुढच्या पडलेल्या दातांची फट सगळ्यांना दिसली.

तीच पुढं रीत झाली. मामांचं कडवं आलं की मांडव मागं वळायचा आणि मामा उठून हात जोडायचे. गावोगाव लोक विचारू लागले, “ते आभाराचं गाणं म्हणणाऱ्या तुम्हीच का?” मामांच्या बायकोनं एकदा मुद्दाम येऊन ते ऐकलं. एरवी आपल्या नवऱ्याला ‘भोंगेवाला’ म्हणणारी ती बाई त्या दिवशी डोळ्यांना पदर लावून बसली होती. खरं सांगायचं तर त्या गाण्याचा सगळ्यांत जास्त अभिमान मलाच होता. लोक मामांकडे बघून टाळ्या वाजवत आणि मी मनातल्या मनात त्या माझ्याकडे जमा करून घेई.

बारा वर्षं ते गाणं चाललं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मामा म्हणायला लागले, “बाई, तेवढं माझं कडवं गाळा ना.”

मी हसण्यावारी नेलं. “लाजता काय नव्या नवरीसारखे?”

“लाजायचं न्हाई. पर गाळा.”

तीनदा त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, “त्या कडव्यावाचून गाणं अळणी होतं. इतर माणसं एक ओळ मिळावी म्हणून तरसतात आणि तुम्हाला नको!” मामांनी मशीनची तार गुंडाळायला घेतली. मला वाटलं, मी त्यांच्या विनयावर मात केली.

त्याच सुमाराला आमचा आवाज बिघडायला लागला. भोंगे मध्येच शिट्टी मारत. बासरी कानात टोचे. मामा आता मैदानाच्या टोकाला जात नसत, माझ्या पुढ्यातच उभं राहून सकाळचं जेवण ऐकत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. बांगड्यांवरूनही ते बोलेनासे झाले. मला वाटलं, शेवटी मी जिंकले. आणि शिट्टीबद्दल मी सरळ म्हणून टाकलं, “मामा, तुमचं आता कामात लक्ष राहिलं नाही.” उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

मग राजूरचा कार्यक्रम आला. अंगारकी होती. वर गणपतीच्या दर्शनाला रांग, खाली मांडवात भर दुपारी आमचं गाणं. दुसऱ्या गाण्यापासूनच भोंगे किंचाळायला लागले. पुढच्या बायांनी कानात बोटं घातली. मास्तर पेटीवरून मागं डोळे वटारून बघत होते. मी गाता गाता हातानं खुणा करत होते. मामा मात्र मशीनच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवून शांत बसले होते, आणि मधूनच एक बटण आणखी थोडं वर फिरवत होते.

आभाराचं गाणं आलं. मला ते कडवं सोडता आलं असतं. पण मी रागात होते आणि सवयीतही होते. मी सुरू केलं, “पान हललं झाडाचं, ह्याच्या कानी आलं,” आणि नेमकी तेव्हाच चारही भोंग्यांतून अशी शिट्टी निघाली की लहान पोरं रडायला लागली. कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग सगळा मांडव हसला. आणि रिवाजाप्रमाणे हसत हसतच सगळे मागं वळले.

मामा उठले. त्यांनी हात जोडले. समोर हसरे चेहरे बघून तेही हसले, एकदा डावीकडे वाकले, एकदा उजवीकडे वाकले. लोकांना ते पाहून आणखी हसू फुटलं आणि मामांनी पुन्हा नमस्कार केला.

मी स्टेजवरून समोर बघत होते. त्या घटकेला मला सगळं कळलं. मैदानाच्या टोकाला न जाणं कळलं, बांगड्या कळल्या, ‘कडवं गाळा’ कळलं. पुढची ओळ माझ्या तोंडातून निघेना. मास्तरांनी पेटीवर कसंबसं गाणं मिटवलं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती मामांची नव्हती, माझीच होती.

दोन दिवसांनी मास्तरांनी मला बोलावलं. “बाई, मामांना आता पुरे. दुसरा माईकवाला बघितलाय. तेवढं तुम्ही त्यांना सांगा, तुमचं ते ऐकतात.” मास्तरांना मामांच्या कानांचं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, माणूस बेपर्वा झाला. मी तिथून उठले.

रविवारी सकाळी मी मामांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. मामा माझ्या अगदी समोर येऊन बसले. मी लाजेनं बाजूला बघत बोलायला लागले, तर म्हणाले, “इकडं तोंड करून बोला बाई. मला व्हटं दिसू द्या.”

मग मला विचारावंच लागलं नाही.

“चार वर्सं झाले,” ते म्हणाले. “पहिले बारीक आवाज गेले. बासरी गेली. मंग तुमच्या बांगड्या गेल्या. आता गानं गोधडीखालून आल्यावानी येतं. म्हनून मी बारीक आवाजाचं बटन वाढवत ऱ्हातो, तर भोंगे वरडतात म्हनं. ते वरडनं बी मला ऐकू येत न्हाई. डॉक्टरकडं गेल्तो. त्यानं कानात घालायचं मशीन दिलं. बायको म्हनते, ते मशीनच दिवसभर शिट्टी मारतं. मी जल्मभर लोकायच्या शिट्ट्या बंद केल्या, अन् आता माझ्याच कानात शिट्टी!” आणि ते खरंच हसले.

“मग एवढे दिवस काम कसं केलं?”

“खोक्यावर हात ठेवला की ढोलकी कळती. अन् मागच्या रांगेतल्या बायांकडं पाहतो. त्यायच्या माना हलल्या की बराबर. लेकरं घेऊन पुढं सरकल्या की समजायचं, आवाज कमी पडून राह्यला. मेंढरावर नजर ठेवल्यावानीच हाय ते. पर शिट्टी काही डोळ्याला दिसत न्हाई.”

“मला का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. चुकले की माझा आवाज चढतोच.

मामा जरा पुढं सरकले. मग म्हणाले, “काय सांगू? तुम्ही तर गावोगाव गाऊन सांगतलं व्हतं की ह्याला पान हललेलं ऐकू येतं. मंग मी खोटं कुनाला पाडू, तुम्हाला का मला? लोक मागं वळून पाहायचे, तवा माझ्या छातीत धस्स व्हायचं. वाटायचं, आज कळलं ह्यायला. तुम्ही मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं बाई, अन् उतरू बी देईना.”

मी रडले. त्यांची बायको चहा हातात घेऊन दारातच थांबली. मामांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, “मास्तर काढा म्हनले का मला?”

मी हो म्हटलं. खोटं बोलायची आता सोयच नव्हती.

“दुसरं काम येत न्हाई मला,” एवढंच ते म्हणाले.

तिथून मी तडक मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते चांगले माणूस, पण आधी भडकलेच. “ऐकू न येणारा माणूस माईकवर? लोक काय म्हणतील?”

“लोक काही म्हणणार नाहीत,” मी म्हटलं. “मामांना कळतं सगळं, फक्त बारीक ऐकू येत नाही. ते ऐकायचं काम मी करते.”

“आणि गायचं कुणी?”

त्याचं उत्तर मी वाटेतच ठरवलं होतं, पण तोंडातून निघताना जिवावर आलं. माझी गाणी मी सुरुवातीला म्हणेन. त्या वेळात शिट्टी निघाली तर मी गळ्यावर हात ठेवीन, की मामा बटण खाली करतील. नंतर मी मागं जाऊन त्यांच्याशेजारी बसेन. शेवटच्या, आभाराच्या गाण्याला पाचही माईक चालू असतात, शिट्टीचा धोका तेव्हाच जास्त. म्हणून ते गाणं दुसरीनं म्हणायचं. आमच्यातली ती दुसरी गायिका बारा वर्षं त्या गाण्यावर डोळा ठेवून होती. मास्तर म्हणाले, “एक कार्यक्रम. बिघडला तर मग मी ऐकणार नाही.”

आठ दिवस मी मामांच्या घरी जाऊन बोटांच्या खुणा शिकले. एक बोट खाली, बारीक आवाज कमी. मूठ, ढोलकी कमी. मामा मास्तर झाले होते आणि मला चुकल्यावर रागवत होते. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, “तुमचं कडवं आता बदलायला हवं. काय लिहू?”

“गाळा म्हनलं ना.”

“गाळलं तर लोक विचारतील. खरं असेल तेवढंच सांगा.”

मामांनी विचार केला. “मी टायमावर येतो असं लिव्हा. ते तर खरं हाय.”

मी तसंच लिहिलं:

सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या मागं जातो,
आमचा गळा तुमच्या दारी हाच नेऊन पोचवतो.

मास्तर म्हणाले, “पहिल्यासारखा दम नाही यात.” नव्हताच.

तो कार्यक्रम बदनापूरला झाला. मी माझी चार गाणी म्हणून खाली उतरले, मांडवाला वळसा घालून मागं आले आणि मामांच्या शेजारी सतरंजीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्या जागेवर एकदाही बसले नव्हते. तिथून स्टेज एवढंसं दिसतं, आणि समोर नुसती डोकी. मी कान टवकारून बोटं हलवत होते, मामा बटणं फिरवत होते. दोनदा शिट्टी उठायला लागली आणि उठायच्या आधीच दबली. मास्तरांनी एकदाही मागं पाहिलं नाही.

शेवटी आभाराचं गाणं सुरू झालं. माझं गाणं दुसरीच्या गळ्यातून ऐकताना पोटात थोडं दुखलं. तीही बरी गात होती, हे आणखी वाईट. मांडववाला झाला, टेम्पोवाला झाला. मग मामांचं कडवं आलं आणि सगळा मांडव मागं वळला.

एवढे डोळे एकदम आपल्यावर येतात तेव्हा कसं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. स्टेजवर लोक गाणं बघतात. इथं ते माणूसच बघत होते. माझी मान खाली गेली. आता या घटकेला शिट्टी निघाली तर, आता माझं चुकलं तर, एवढंच मनात येत होतं. बोट कुठलं हलवायचं तेही मी विसरले. आणि हे त्या माणसानं चार वर्षं, गावोगाव, माझ्या हौसेपायी सोसलं होतं.

मामा शांतपणे उठले आणि त्यांनी हात जोडले. मग खाली वाकून मला म्हणाले, “उठा बाई. हात जोडा. लोक पाहून राह्यले.”

त्यांना वाटलं असेल आपण हळूच बोललो. सगळ्या मांडवाला ते ऐकू गेलं. मी उठले आणि हात जोडले.